हरभऱ्यावरचं फडकं

नळदुर्गच्या बाजारात कुंभाराच्या बिंदग्या मांडलेल्या दिसल्या की लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं आणि मी नजर चुकवून पुढं सरकतो. बिंदगी म्हणजे आंबील भरून शेतात न्यायचं लहान मडकं, बाहेरून चुन्याची बोटं ओढलेलं. ते दिसलं की येळवस आली. मार्गशीर्षातली अमावास्या. आमच्या भागात दिवाळीला एखादं दुकान उघडं सापडेल, येळवशीला नाही. त्या दिवशी माणसं गावाला कुलूप घालून शेतात जातात. माझं औषधाचं दुकान म्हणून सकाळी अर्धं शटर वर असतं तेवढंच. दुपारी कुणी आजारीच पडत नाही. भज्जी खाऊन जे काय व्हायचं ते दुसऱ्या दिवशी होतं.

यंदाही बाजारातून येताना तो वास आला. सोललेल्या शेंगांचा, ओल्या तुरीचा, चिंचेच्या कोळाचा. आमची भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत. तूर, वाटाणा, हरभरा, वाल, शेंगदाणे, रानात असतील नसतील त्या पालेभाज्या, सगळं बेसनात आणि चिंचेत तासन्‌तास रटरटतं, तेव्हा कुठं ती होते. तो वास नाकात गेला आणि मी रस्त्यातच थांबलो. मागून हायवेवरचा हॉर्न वाजला, रोजचाच, आणि मी दचकून पार गटारीपर्यंत सरकलो. पानटपरीवाला हसला. म्हणाला, "काय काका, आमदाराच्या नवऱ्यानं इतकं भ्यायचं असतंय व्हय?"

असतंय बाबा. आमदाराच्या नवऱ्यानंच भ्यायचं असतंय.

मी तसा जन्माचा भित्रा. विहिरीत पोहायला शिकलो नाही, बैलाच्या पुढून गेलो नाही, आणि रक्तदाबाच्या ज्या गोळ्या गावाला विकतो त्यातलीच एक रोज सकाळी स्वतः घेतो. शिवकांताला बघायला गेलो होतो तेव्हा पोह्यांची बशी पुढं ठेवून तिनंच मला विचारलं होतं, "मी वकिली करणार. तुम्हाला चालंल का?" तिचा आवाज असा होता की नाही म्हणायची मला भीती वाटली. लोक म्हणतात, काय पुढारलेल्या विचारांचा माणूस. माझं नाव चांगलं होत असेल तर होऊ दे.

आधी ती बांधाची भांडणं, सोडचिठ्ठ्या, वाटण्या असल्याच केसेस घ्यायची. कोर्टातून आली की माझ्या दुकानात काउंटरच्या मागं स्टुलावर बसायची आणि काळ्या कोटानंच वारा घ्यायची. अशीच बसलेली असताना एकदा डोंगराच्या पायथ्याच्या वाडीवरला दगडूबा धनगर आला आणि ढाशीचं, म्हणजे खोकल्याचं, औषध मागायला लागला. मी विचारलं, कुणाला ढास लागलीय? म्हणाला, "मला न्हाय. मेंढरान्‌ला." मी हसलो. ती हसली नाही. तिनं वारा घ्यायचा थांबवला आणि विचारलं, "मेंढरं का ढासत्यात, दगडूबा?"

"गवत पांढरं झालंय, बाई," दगडूबा म्हणाला. "खडीच्या मिशनीनं."

तिची पुढची सगळी वकिली आणि पुढचं सगळं राजकारण या एका प्रश्नातून निघालं. आज तिच्या सत्कारात लोक भाषणं करतात, पर्यावरणाची रणरागिणी वगैरे म्हणतात. मला मात्र स्टुलावरची ती दिसते, आणि माझ्या हातातली ढाशीच्या औषधाची बाटली.

खडीची मशीन गुरुनाथ मालकांची. मालक म्हणजे आमचे बांधशेजारी. अणदूरच्या शिवारात आमची चार पट्ट्यांची जमीन आणि त्यांची पलीकडं दिसेल तेवढी. त्यांच्या रानामागं डोंगर, आणि डोंगराच्या पोटात क्रशर. दिवसभर खडखडाट, मधूनच सुरुंगाचा दणका, की खालच्या वाडीतली भांडी फळीवरून खाली. आणि धूळ. ती धूळ मी कधी विसरणार नाही. पिठासारखी मऊ, पण दाताखाली आली की कच्च. ज्वारीच्या पानावर, तुरीच्या शेंगेवर, वाळत घातलेल्या लुगड्यावर, झोपलेल्या लेकराच्या पापणीवर. मालक स्वतः मात्र कायम पांढऱ्या धोतरात, स्वच्छ. बोलणं लोण्यासारखं. मला डॉक्टर म्हणायचे, पुढं कानडी येनरी, म्हणजे काय हो, लावून. "येनरी डॉक्टर, बरं हाय न्हवं?" मी औषध विकणारा, डॉक्टर नव्हे, हे त्यांना ठाऊक होतं, पण मानानं मारायची त्यांची पद्धतच होती.

धूळ आहे हे सगळ्यांना दिसत होतं, पण कोर्टाला दाखवायची कशी? इथं तिनं जे केलं ते कुठल्या कायद्याच्या पुस्तकात नव्हतं. हिवाळ्यात हरभऱ्याच्या पानावर रात्रीतून आंबट दव साठतं, त्याला आम्ही आंब म्हणतो. बाया पहाटे उठून पिकावर मलमलचं फडकं हलकेच पसरतात, ते भिजलं की पिळून बाटलीत धरतात. पोट दुखलं की थेंब थेंब पाण्यातून द्यायचं. तिची आई जन्मभर हे करत आली. शिवकांतानं तेच फडकं उचललं. पहाटे क्रशरजवळच्या हरभऱ्यावर टाकायचं, मग लांब हायवेपल्याडच्या हरभऱ्यावर दुसरं. लांबची आंब पाण्यासारखी निघायची. जवळची निघायची राखेसारखी, बाटलीत तळाला खडीच्या धुळीचा थर धरून. बाटल्या माझ्या दुकानातल्या, उकळून घेतलेल्या.

फडक्याचं एक टोक तिच्या हातात, दुसरं माझ्या. थंडीनं आणि भीतीनं माझं टोक सारखं थरथरायचं. डोंगरावर मशीनचा दिवा लागला की माझे पाय आपोआप मोटारसायकलकडं वळायचे. तिचं टोक ताठ. जणू गवंडी ओळंबा धरतोय. "नीट धरा हो," ती हळूच म्हणायची, "हरभरा चावत न्हाय." मी धरायचो. त्या पहाटेच्या अंधारात तिच्या हातांचा मला हेवा वाटायचा, आणि रागही यायचा. माणसानं थोडं तरी भ्यावं की.

पुण्याच्या हरित लवादापुढं तिनं त्या बाटल्या मांडल्या तेव्हा समोरचे वकील हसले म्हणे. पोटदुखीचं औषध पुरावा म्हणून आणलंय का, असं काहीतरी बोलले. तिनं विचारलं, मग यातला थेंबभर पिऊन दाखवाल का? पाहणीचा हुकूम झाला. ती एसटीनं परत आली, दुकानात येऊन स्टुलावर बसली, आणि मी तिला पाणी दिलं. तिचा चेहरा उजळलेला होता. मला मात्र तिच्या खांद्यावरून दारात उभा असलेला एक माणूस दिसत होता.

त्या माणसाला मी आधी ओळखत नव्हतो. उंचापुरा, गळ्यात मफलर, बोलायला शांत. तो त्या दिवसापासून रोज यायला लागला आणि रोज डोकेदुखीची एकच गोळी घ्यायचा. पूर्ण पाकीट घ्या, स्वस्त पडेल, असं मी म्हणालो तर म्हणाला, "नको. उद्या परत येतो की." गोळी घेऊन लगेच जायचा नाही. काउंटरवर बोटं ठेवून उभा राहायचा. "बाई आज सोलापूरला गेल्या न्हवं? मोटारसायकलवर? तिकडचा रस्ता लई वंगाळ हाय. टिपरवाले बघत न्हाईत." दुसऱ्या दिवशी, "तुमची पोरगी त्या शाळेत जाते न्हवं, कमानीपलीकडच्या?" आवाजात काहीही नाही. हवापाण्याच्या गप्पा माराव्या तसा. मी गोळी कापून द्यायचो आणि तो जाईपर्यंत पैसे मोजत बसायचो.

घरी तिला सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापता थापताच म्हणाली, "बोलू दे. बोलणारा माणूस काय करत न्हाय."

"आणि केलं म्हणजे?"

तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. "मग तुमी पोरीला सांभाळा," एवढंच बोलली. त्या दिवसापासून ती वेळेवर आली नाही की मी दुकानाच्या पायरीवर येऊन बसायचो. हायवेवरून येणारा दिवा एक की दोन, हे बघत. दोन दिवे म्हणजे ट्रक. एक दिवा म्हणजे कदाचित ती. असे किती एकेक दिवे माझ्यासमोरून निघून गेले, दुसऱ्या कुणाकुणाच्या घरी. मला त्या काळात देवाकडं मागायला दुसरं काही सुचायचंच नाही. ती घरी यावी. केस हरली तरी चालेल, डोंगर गेला तरी चालेल, ती घरी यावी.

आणि त्यात येळवस आली.

शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोप, म्हणजे खोपटं, उभी केली होती. आत पाच दगडांना चुना-काव लावून पांडव मांडले होते. आंबील शिंपडत पोरं पिकाभोवती पळाली, ती जुनी अर्धी कानडी आरोळी देत, जिचा अर्थ आमच्यात कुणालाच धड सांगता येत नाही. लिंबाला झोका बांधला होता. येळवशीचा एक नियम आहे, लिहिलेला नाही म्हणून मोडताही येत नाही. वाटेनं जाणारा कुणीही असो, हाक मारून कोपीवर बोलवायचा, आणि जो येईल त्याला जेवल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही. वैरी असला तरी. बोलावलेल्यानंही नाही म्हणायचं नाही.

पंगत बसणार एवढ्यात बांध ओलांडून गुरुनाथ मालक आले. पांढरं धोतर, हात जोडलेले. "वकीलबाई, तुमी बोलवलं न्हाय, म्हणून मीच आलो. बांधाला बांध हाय." मागं दोन माणसं. त्यातला एक मफलरवाला.

शिवकांतानं पदर सावरला, घोंगडी झटकून टाकली. "या की मालक, बसा. येळवस हाय."

मालक मांडी घालून बसले. तिनं पत्रावळीवर भज्जी वाढली, बाजरीच्या पिठाचे उंडे ठेवले, वर तेलाची धार सोडली. मालकांनी पहिला घास घेतला, चावला, आणि थांबले. मला कळलं काय झालं ते. शेंगा कितीही धुतल्या तरी ती धूळ जात नव्हती.

"कचकच लागली का?" ती म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, पण अगदी प्रेमानं, माहेरच्या माणसाला विचारावं तसं. "तुमचीच हाय, मालक. आमी रोज खातो."

मालक हसले. घास गिळला आणि म्हणाले, "वकीलबाई, तुमी राजकारणात पायजेत." ते हसत होते आणि मी माणसं मोजत होतो, कारण मफलरवाला पंगतीत बसलेलाच नव्हता. मी मान वळवली. तो लिंबाखाली होता. झोक्यावर माझी गौरी होती, आणि तो तिला झोका देत होता.

आधी हळू. मग जरा जोरात. मग दोन्ही हातांनी मागं ओढून, पुढं सोडून. गौरी तेव्हा दुसरीत होती. खिदळत होती. "अजून, काका, अजून." झोका फांदीच्या वर गेला. दोर वर गेला की क्षणभर सैल पडायचा आणि परत येताना कर्र करून ताणला जायचा. तो झोक्याकडं बघतच नव्हता. तो माझ्याकडं बघत होता. दर वेळी सोडताना माझ्याकडं. मला उठून पळायचं होतं, ओरडायचं होतं, पण ओरडून म्हणणार तरी काय? पाहुणा माणूस लेकराला झोका देतोय. शेजारीपाजारी कौतुकानं बघत होते. "बघा, मालकाचा माणूस किती मयाळू." मालक आंबील पीत होते.

तेव्हा शिवकांता उठली. घाईनं नाही. एक पत्रावळ घेतली, भज्जी वाढली, उंडा ठेवला, गव्हाची खीर ठेवली, आणि सरळ लिंबाखाली चालत गेली. झोका जिथून सुटत होता तिथंच, त्याच्यासमोर, ताट धरून उभी राहिली. "दादा, सगळे जेवले, तुमी राहिलात. येळवशीला उपाशी पाहुणा चालत न्हाय. बसा."

तो बघत राहिला. झोका वरून आला, त्याच्या हाताला लागला. ताट घ्यायला दोन्ही हात लागतात. त्यानं मालकांकडं बघितलं. मालकांनी मान खाली घातली होती. मग त्यानं दोर धरला, झोका थांबवला, गौरीला खाली उतरवलं आणि ताट घेतलं. तिथंच लिंबाखाली बसून जेवला. ती शेजारी बसून त्याला वाढत होती. दोनदा भज्जी, एकदा खीर. गाव काय विचारलं, आई आहे का विचारलं. नाव विचारलं तेव्हा तो तोंडातल्या तोंडात म्हणाला, "हणमंत."

त्या येळवशीची भज्जी माझ्या घशाखाली उतरली नाही. आजही उतरत नाही. गौरी आता सोलापूरला कॉलेजात आहे आणि दर वर्षी येळवशीला म्हणते, "पप्पा, त्या वर्षी कसला उंच झोका गेला होता ना. तसा परत कुणीच दिला न्हाय." तिच्या आयुष्यातली ती सगळ्यात आनंदाची येळवस. मी मान हलवतो. हे ऐकताना मी त्या लिंबाकडं का बघत नाही ते तिला अजून कळलेलं नाही.

पुढं क्रशरला सील लागलं. वाडीनं गुलाल उधळला, दगडूबानं तिला घोंगडं पांघरलं. पावसाळा गेला, गवत हिरवं आलं, आणि थंडी पडता पडता डोंगराच्या पल्याडच्या अंगाला तीच मशीन दुसऱ्याच्या नावानं सुरू झाली. ती बघून आली आणि कोट न काढताच स्टुलावर बसून राहिली. "निकाल माझ्या पिशवीत हाय," म्हणाली, "आन डोंगर त्याच्या टिपरमध्ये." मग पिशवी कोपऱ्यात सरकवली. मला वाटलं, चला, दमली. आता सोडून देईल. मला इतकं हलकं वाटलं की मी चहा सांगितला. चहा पिऊन तिनं कप खाली ठेवला आणि म्हणाली, "हुकूम पाळायला लावणारी खुर्ची दुसरीच असतीय. तिथं जावं लागंल."

आमदारकीला पहिल्या वेळी पडली. दुसऱ्या वेळी निवडून आली. वकीलबाईची ताई झाली, काळा कोट खुंटीवर गेला. घरात चपलांचा ढीग, दारात गाड्या, पाठीशी बंदूकवाला अंगरक्षक. लोक म्हणाले, आता काय काका, आता तुम्हाला कशाची भीती? मी पण तसंच समजत होतो. पण मी बघत होतो, जी माणसं पूर्वी तिच्याकडं यायला घाबरायची ती आता हसत यायची. दगडूबा ओट्यावर ताटकळायचा आणि गाडीवाले आत जायचे. ती बोलायची कमी आणि ऐकायची जास्त. कुणी काही मागितलं की पूर्वी हो किंवा नाही म्हणायची. आता म्हणायची, "बघू."

हणमंत पण तेव्हाच आला. मशीनला सील लागलं तेव्हाच त्याचं काम गेलं होतं. दाराशी मफलर हातात घेऊन उभा राहिला. मी आतून कडी लावायला निघालो होतो. तिनं त्याला गाडीवर ठेवलं. मी पहिल्यांदा तिच्यावर ओरडलो असेन. ती म्हणाली, "आपल्या ताटात जेवलाय तो." बस. गेली इतकी वर्षं तोच तिची गाडी चालवतो. गाडी सुटली की मी आजही पायरीवर येतो, दोन दिव्यांची वाट बघायला.

एकदा तो गाडी धूत असताना मी त्याला विचारलंच. त्या दिवशी लिंबाखाली काय होतं तुझ्या मनात? तो काच पुसत राहिला. मग म्हणाला, "काका, झोका दे, एवढंच सांगितलं होतं मालकांनी. किती उंच, ते माझ्यावर सोडलं होतं." फडकं पिळलं. "मग बाईंनी ताट आणलं." मी घरात येऊन पाणी प्यायलो. त्यानं खरं सांगितलं म्हणून विश्वास ठेवावा, की जे त्याच्यावर सोडलं होतं त्यासाठी त्याला कधीच जवळ येऊ देऊ नये, हे मला तेव्हाही ठरवता आलं नाही आणि आताही येत नाही.

गेल्या निवडणुकीच्या तोंडावर गुरुनाथ मालक तिच्याच पक्षात आले. स्टेजवर त्यांनी तिला हार घातला, तिनं त्यांना नमस्कार केला. आता मालकांना नवा डोंगर पाहिजे आहे, वाडीच्या अगदी माथ्यावरचा. तिनं नुसता विरोध केला नाही तरी त्यांचं काम होतं. आणि त्यांच्या बाजूच्या गावांची मतं नसतील तर पुढल्या वेळी तिचं काम होत नाही. हे सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे. यंदा त्यांचं आवतण आलं, "ताईसाहेब, औंदा येळवस आमच्या कोपीत." येळवशीचं आवतण मोडता येत नाही. विचारलं तर ती म्हणाली, "बघू."

ते 'बघू' ऐकल्यापासून मला जी भीती बसली तिला मी पूर्वी कधी भेटलो नव्हतो. आधी वाटायचं, ही घरी येणार नाही. आता वाटायला लागलं, घरी येईल ती कोण असेल?

मालकांची कोप म्हणजे मांडवच. खुर्च्या, माइक, फोटोवाले. तिला मध्यभागी बसवलं, मला शेजारी. मालकांनी स्वतः वाढलं. मी घास तोंडात घातला आणि दाताखाली कच्च झालं. तीच धूळ, इतक्या वर्षांनी, पल्याडच्या अजून बंद न झालेल्या मशीनची. माझा हात पत्रावळीवरच थांबला. मी तिच्याकडं बघितलं. ती चावत होती. तिलाही लागली होती, तिच्या जबड्यावरून मला कळत होतं, इतकी वर्षं काय उगीच संसार केला नाही. मालक वाकून बघत होते. सगळी पंगत बघत होती. दगडूबाचा मुलगा लांब उभा राहून बघत होता.

तिनं घास गिळला. "भज्जी चांगली झालीय, मालक," म्हणाली.

मालक मोकळेपणी हसले. टाळ्या पडल्या. मला वाटलं, संपलं. परत येताना दोन्ही बाजूंच्या शेतांत दिवेलागणीचे टेंभे पेटले होते, पोरं ते घेऊन पिकाभोवती पळत होती. गाडीत हणमंतच्या मानेकडं बघत मी बसलो होतो आणि मला हणमंतची भीती वाटत नव्हती. मला माझ्या शेजारी बसलेल्या बाईची वाटत होती.

घरी आल्यावर तिनं हणमंतला चावी ठेवून जायला सांगितलं. अंगरक्षकाला म्हणाली, उद्या दहाला या, घरीच आहे. मग मोरीत जाऊन चुळा भरल्या, कितीतरी वेळ. बाहेर आली, तोंड पुसलं.

"अहो, आपलं ते मलमलचं फडकं कुठं हाय?"

माझ्या लगेच ध्यानात आलं नाही. आलं तेव्हा मी पलंगावर बसलो. "कशाला?"

"पहाटं जायचंय. मालकाच्या बांधाला हरभरा चांगला आलाय, बघितला न्हाय का?" ती खुंटीवरचा कोट खाली काढून झटकत होती. "मोटारसायकलीत पेट्रोल हाय का बघून ठेवा. आन हणमंतला यातलं काय बोलू नका."

इतकी वर्षं मी समजत होतो की या घरात घाबरणारा मी एकटाच. मी ट्रंक उघडली. फडकं तळाशी होतं, पिवळं पडलेलं. दुकानातून दोन बाटल्या आणून उकळत ठेवल्या. सापडत नाही, असं म्हणता आलं असतं. ते मनात आलं, नाही असं नाही.

पहाटे दवानं शिवार ओलं गच्च झालं होतं. मोटारसायकल लांब उभी करून आम्ही बांधावरून चालत गेलो. डोंगरावर मशीनचा दिवा जळत होता आणि खाली कुठंतरी टिपर चालू होत होता. आम्ही हरभऱ्यावर फडकं पसरलं. एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. माझं टोक थरथरत होतं, ते नेहमीचंच. मग बघितलं तर तिच्याकडचंही टोक थरथरत होतं. आधी वाटलं, वारा असेल. ज्वारीच्या ताटांकडं बघितलं. एकही पान हलत नव्हतं.

"नीट धर गं," मी हळूच म्हणालो. "हरभरा चावत न्हाय."